न जळणारा आहेर

बॉयलरभाऊला आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक, त्याच्या हाताखाली बॉयलर कधी रुसून बसला नाही. दुसरी, नात्यागोत्यात असं एकही घर नव्हतं जिथे त्याने दिलेला पांढरा चौकोन पोचला नव्हता.

हा चौकोन काय प्रकार होता ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं रामायण डोक्यावरून जाईल. भाऊ साबणाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. कारखान्याच्या तळघरात तो बॉयलर पोट सुटलेल्या शेठजीसारखा बसलेला असायचा, आणि त्याच्यातून निघालेले वाफेचे पाइप भिंतीभिंतीने वर साबणाच्या कढयांकडे गेलेले होते. वाफ वाटेतच गार होऊ नये म्हणून बॉयलरला आणि पाइपांना जुन्या काळापासून पांढरं पांघरूण घातलेलं. आत हाताने थापलेला जाड लेप, वर घट्ट विणलेलं कापड. ॲसबेस्टॉस म्हणायचे त्याला. काय कापड होतं महाराजा! निखाऱ्यावर टाका, जळायचं नाही. डागडुजी झाली की त्याचे तुकडे उरायचे, आणि उरलेली चांगली वस्तू टाकून देणाऱ्यांतला भाऊ नव्हता.

तो ते तुकडे घरी आणायचा, कात्रीने चौकोन कापायचा, कडेने स्वतःच्या हाताने जाड दोऱ्याचे टाके घालायचा. मग कुणाचं लग्न असो, कुणी नवं बिऱ्हाड थाटो, भाऊचा आहेर ठरलेला. गरम पातेलं ठेवायला चौकोन. लोक आहेर हातात देतात आणि जेवायला बसतात. भाऊचं तसं नाही. तो खिशातून काड्यापेटी काढायचा, भर मांडवात काडी ओढायचा आणि आहेराला खालून लावायचा. "बघा, जळतंय का? बघा!" नवरीचा बाप गार पडायचा, नवरा मुलगा हळूच मागे सरकायचा. चौकोन मात्र ढिम्म. एकदा काय झालं, आहेर नाही पेटला, पण शेजारची कागदाची फुलं पेटली. तरी भाऊ विझवताविझवता सांगतच होता, "बघा, चौकोनाला काही झालं का?"

असा सगळा आनंद चाललेला असताना मालकाने नवा बॉयलर आणायचं ठरवलं. जुना काढायचा, आणि जुन्याच्या आधी त्याचं पांघरूण काढायचं. ते काढायला बाहेरून माणसं आली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कागदी कपडे, तोंडावर दोन बाजूंना गोल गाळण्या असलेला मुखवटा, हातात मोजे. तळघराच्या दाराला त्यांनी प्लॅस्टिकचे पडदे लावले आणि बाहेर लाल अक्षरांची पाटी टांगली. भाऊला हसू आवरेना. ज्या बॉयलरला पाठ टेकून त्याने आयुष्यभर दुपारची डुलकी काढली, त्याला भेटायला हे असं नटून आलेले!

"काय हो, चंद्रावर निघालात का?" त्याने विचारलं, आणि पडदे पुरते बंद व्हायच्या आत सवयीप्रमाणे बॉयलरच्या पोटावर दोन सणसणीत थापा मारल्या. "अहो, हा गरीब जीव आहे. चावत नाही."

थापांबरोबर लेपाचा एक पोपडा सुटला आणि बॅटरीच्या उजेडात धुळीचा पांढरा भुगा भुरभुरत राहिला. समोरची सगळी माणसं एकदम मागे झाली. त्यांच्या मुकादमाने पुढे येऊन भाऊचा दंड धरला आणि त्याला अक्षरशः खेचत बाहेर नेलं. कपडे बदलायला लावले, हात-तोंड धुवायला लावलं, काढलेले कपडे पिशवीत बांधून टाकले. भाऊ कारखान्याच्या अंगणात दुसऱ्याच्या पॅन्टमध्ये उभा राहिला. पॅन्ट घोट्याच्या वर थांबलेली, आणि साबण बांधणाऱ्या बायका खिडकीतून बघत होत्या. त्याच्या संतापाला पारावार राहिला नाही.

मुकादमाने मुखवटा काढला. आतून एक साधा, थकलेला माणूस निघाला.

"किती वर्षं झाली तुम्हाला इथं?" त्याने विचारलं.

"माझे केस काळे होते तेव्हापासून."

"खोकला?"

"थंडीत होतो. थंडीत कुणाला होत नाही?"

"सिगारेट?"

"ओढतो की. पण बॉयलरजवळ नाही. नियम म्हणजे नियम!"

मुकादमाने कपाळावर हात मारला नाही एवढंच. मग त्याने शांतपणे समजावून सांगितलं, जसं त्याने गावोगावच्या बॉयलरवाल्यांना सांगितलं असणार. या पांघरुणात तंतू असतात, केसाहून कितीतरी बारीक, डोळ्यांना न दिसणारे. लेप धड असेल, झाकलेला असेल तर ते जागेवर राहतात. पण जुना होऊन ठिसूळ झाला, कुणी ठोकला, खरवडला, की ते उडतात आणि तासन् तास हवेत तरंगतात. श्वासाबरोबर आत गेले की फुप्फुसात रुतून बसतात ते बसतातच.

"बसेनात का," भाऊ म्हणाला. "माझ्याकडून काय खायला मागतात?"

"मागतात. पण लगेच नाही. वीस, तीस, चाळीस वर्षं गप्प बसतात आणि मग मागतात. दम लागायला लागतो. फुप्फुसं कडक होतात. कुणाला कॅन्सर होतो. सिगारेट ओढणाऱ्याला धोका कितीतरी पट जास्त. म्हणून बॉयलरखान्यातल्या प्रत्येकाने छातीचा फोटो काढून घ्यायचा, दवाखान्यात सोय केलेली आहे. घरच्यांनीही. कपड्यांवरून हे घरी जातं."

भाऊला स्वतःच्या छातीची काळजी नव्हती, निदान त्याने तरी तसंच ठरवलं. पण त्याला घरोघरी पोचलेले चौकोन आठवले.

"साहेब, वरचं ते कापड आहे ना. त्याचा एखादा तुकडा समजा घरात असला, तर?"

"नवा असतो तेव्हा एक वेळ ठीक. पण विरला, चोळला, झटकला की तेच. उलट पाइपाला कोण रोज हात लावतो? घरातल्या कापडाला सगळे लावतात. का, आहे का घरी?"

"एक-दोन."

मुकादमाने अशी उत्तरं पुष्कळ ऐकलेली असावीत. "एक-दोन म्हणजे किती?"

भाऊने मान खाजवली. "आमचा गोतावळा जरा मोठा आहे," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. बायको ऐकून घेणारी होती, पण हात स्वस्थ ठेवून ऐकणारी नव्हती. वाक्य संपायच्या आत तिने ओट्यावरचा चौकोन उचलला आणि खिडकीतून झटकून फेकायला हात वर केला.

"झटकू नकोस!" भाऊ असा ओरडला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, काय झालं म्हणून.

बायकोचा हात तसाच वर. "मग काय करू? पुतळ्यासारखी उभी राहू?"

"राहा! हलू नकोस!"

मुकादमाने त्याला फवारा मारायची पाण्याची बाटली, जाड पिशव्या, मोजे आणि मुखवटा दिला होता. लहान चौकोन आधी भिजवायचा, फाडायचा नाही, घडी घालायची नाही, अलगद पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तोंड चिकटपट्टीने बंद, जागा ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकंही पिशवीतच. मोठा तुकडा असेल तर हात लावायचा नाही, आम्हाला बोलवायचं. भाऊने मुखवटा चढवून बायकोच्या हातातल्या चौकोनावर फवारा मारला. घाबरलेल्या माणसाचा नेम तो, निम्मा बायकोच्या तोंडावर गेला.

"लग्नात तुम्ही माझ्या बापाच्या मिशा पेटवायला निघाला होतात, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं," बायको तोंड पुसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून दवाखान्यात गेली आणि छातीचा फोटो काढून आली. जन्मभर भाऊचे कामाचे कपडे तिने झटकून धुतले होते, म्हणून डॉक्टरांनी तिला दोनदा तपासलं. फोटो स्वच्छ निघाला. भाऊला इतकं हायसं वाटलं की त्याने स्वतः जायचं पुढे ढकललं. आज पिशव्या आणायच्या आहेत. उद्या मशीन बंद असतं म्हणे. परवा कसं जाणार, परवा काकूंकडे जायचंय. कारणांचा त्याला कधी तुटवडा पडला नाही.

"आणि ताईकडचं?" बायकोने विचारलं.

भाऊ पिशव्या मोजायला लागला.

ताई म्हणजे त्याची थोरली सख्खी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे तिचं इस्त्रीचं दुकान. नवरा गेल्यावर तिने इस्त्री हातात घेतली तेव्हा भाऊने तिला चौकोन नव्हता दिला, कापडाचा अख्खा पन्हा दिला होता. पूर्ण टेबलावर बसेल एवढा, नवा कोरा. त्यावर ती उभं आयुष्य इस्त्री फिरवत होती. आणि स्वच्छतेची एवढी भोक्ती की रोज सकाळी वरची चादर काढायची, तो पन्हा दाराबाहेर दोरीवर टाकायची आणि काठीने धोपटायची. गेल्या थंडीपासून तिला खोकला होता. बायको दुकानावरून जायची तेव्हा ऐकून यायची आणि भाऊला सांगायची. भाऊ स्वतः जायचा नाही, कारण दोघं बोलत नव्हती.

कारण विचाराल तर शिडी. भाऊची शिडी ताईने नेली, ताईने ती परस्पर रंगाऱ्याला दिली, रंगाऱ्याने तिची एक पायरी मोडून परत केली. भाऊ म्हणाला, दुसऱ्याची वस्तू तिसऱ्याला देणं हा कुठला न्याय? ताई म्हणाली, पायरी आधीच मोडलेली होती, जशी तुझी अक्कल. एवढ्यावर दोन सख्ख्या भावंडांनी तोंडं फिरवली ती फिरवली. निरोप असलाच तर भाऊच्या बायकोने पोचवायचा. ती बिचारी दोघांचे शब्द गाळून, निवडून, गोड करून पोचवायची, नाहीतर कधीच डोकी फुटली असती.

"ताईचं शेवटी बघू," भाऊ म्हणाला आणि बाकीच्यांकडे निघाला.

आहेर द्यायला जाणं सोपं असतं. परत मागायला जाऊन बघा. थोरल्या काकूंनी त्याला बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खरं सांग, धाकटीला द्यायचाय ना माझा?"

"काकू, अहो विषारी आहे तो! धाकट्या काकूंचाही परत घेणार आहे."

"घे की तिचा. तिला मेलीला काय कळतंय त्यातलं! माझ्या चौकोनाला मी जाळीची किनार लावलीय बघ. इतकी वर्षं वापरतेय, मला काही झालंय? उगाच आपलं, काहीतरी नवीन निघतं आणि तुम्ही त्याच्यामागे धावता."

भाऊने तंतू सांगितले, चाळीस वर्षं सांगितली, फुप्फुसं सांगितली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्याने धाकट्या काकूंनी आपला चौकोन अजून दिलेला नाही, पण तो तुमच्या आधी द्यायचा म्हणून त्या हटून बसल्यात, असं सांगितलं. तेव्हा थोरल्या काकू ताडकन उठल्या आणि म्हणाल्या, "तिच्याआधी माझा घे. म्हणजे तिला कळेल थोरली कोण ते!"

पुतण्याच्या बायकोकडे उलटंच झालं. ती चटकन हो म्हणाली. इतकी चटकन, की भाऊला लागलं.

"माळ्यावर आहे तो, काका. खोक्यातच आहे, काढलाच नाही कधी."

"काढलाच नाही?" भाऊ मुखवट्याआडून म्हणाला. "अगं, मी स्वतः टाके घातले होते!"

"आता बरंच झालं ना, काका?"

बरं झालं हे त्यालाही कळत होतं. तरी जिना उतरताना त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. न देणाऱ्याचा राग येत होता, आनंदाने देणाऱ्याचा त्याहून जास्त. पिशव्यांचा ढीग मुकादमाच्या गाडीत जात होता, आणि भाऊ एकेका घराचं दार वाजवत, मुखवटा लावून, फवारा घेऊन फिरत होता. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. एका शेजाऱ्याने तर, आमच्याकडे झुरळं फार झालीत, कधी येता, म्हणून विचारलं.

असं करता करता सगळी घरं संपली. उरली ती ताई.

दुकानाच्या दारात भाऊ पोचला तेव्हा आत बँडमास्तर बनियनवर उभा होता. संध्याकाळी त्याचा कार्यक्रम होता आणि त्याचा सोनेरी बटणांचा कोट ताईच्या टेबलावर पसरलेला होता. ताईने मान वर केली, भाऊला पाहिलं, आणि जणू दारात वारा आला होता अशा थाटात पुन्हा कोटाची बाही दाबायला लागली. दाबता दाबता खोकली. लहानसाच खोकला, पण भाऊला तो स्वतःच्या बरगड्यांत लागला. टेबलाच्या कडेला चादर जरा वर सरकली होती आणि खालचा पन्हा दिसत होता. कडा विरून लोकरीसारखी पिंजली होती.

"मास्तर," भाऊ म्हणाला, "यांना सांगा, इस्त्री बंद करा."

बँडमास्तरने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "ताई, ते म्हणतात, इस्त्री बंद करा."

"त्यांना सांगा, कोट अर्धा झालाय. अर्ध्या कोटात तुम्ही वाजवणार का?"

"मी अर्ध्या कोटात..." बँडमास्तर म्हणाला.

"मास्तर, यांना सांगा, टेबलावरचं कापड विषारी आहे. त्याचे तंतू उडतात. श्वासात जातात. फुप्फुसात रुततात आणि वर्षांनी माणसाचा दम काढतात. बायकोने निरोप दिला होता, यांनी ऐकला नाही."

बँडमास्तर सांगायचंच विसरला. त्याने दोन पावलं मागे घेतली आणि छातीवर हात ठेवला. "म्हणजे इथं? या दुकानात? अहो, मी दर आठवड्याला येतो! मी तुतारी वाजवतो हो, माझं सगळं श्वासावर चालतं!"

"तुम्ही उगाच घाबरू नका, मास्तर. तुम्ही घटकाभर उभे राहता. ही जन्मभर उभी आहे." भाऊने बोटाने टेबल दाखवलं. "यांना सांगा, कापड मला द्या आणि दवाखान्यात जाऊन छातीचा फोटो काढा."

ताईने इस्त्री उभी केली. कोटाची बटणं एकेक करून तिने नीट बघितली. मग बँडमास्तरकडे बघत म्हणाली, "त्यांना विचारा, कापड कुणी दिलं होतं?"

भाऊने हातातली फवाऱ्याची बाटली उंबऱ्यावर ठेवली.

"मी दिलं होतं," तो शेवटी म्हणाला. "चांगलं म्हणून दिलं होतं."

"ते मला माहीत आहे," ताई म्हणाली, अजून बँडमास्तरकडेच बघत. "आता त्यांना हेही विचारा, की माझ्याकडे हे कापड एवढंसं. ते त्या ढिगात जन्मभर बसले, झोपले, डबा खाल्ला. त्यांनी स्वतः फोटो काढला का?"

"काढला," भाऊ म्हणाला.

"काय निघालं?"

"एकदम स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, अशी छाती बघितली नाही."

ताई गर्रकन वळली आणि शिडीनंतर पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघून बोलली. "खोटारड्या! लहानपणापासून खोटं बोलताना डावा कान खाजवतोस. आत्ताही खाजवतोयस. काढ हात!"

भाऊने कानावरचा हात काढला. बँडमास्तर आता निरोप्या राहिला नव्हता, नुसता बनियनमधला प्रेक्षक झाला होता, पण त्याला जायचंही नव्हतं.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! गावभर मुखवटा लावून फिरतोस, म्हाताऱ्या बायकांचे चौकोन हिसकावतोस, आणि स्वतः? आधी तू फोटो काढ. मग कापड नेऊन कुठं पुरायचं तिथं पूर."

"आधी कापड दे, मग काढतो."

"आधी फोटो."

"ताई, तू रोज काठीने धोपटतेस ते! रोज! तुला कळत कसं नाही?"

"आणि तुला? तुझ्या बायकोला विचार, तू फोटो काढत नाहीस म्हणून ती इथं येऊन रडते. तुला काय वाटलं, ती तुझे निरोप घेऊन येते?"

हे भाऊला नवीन होतं. त्याने दाराच्या चौकटीला हात धरला. रागाने, शरमेने आणि भीतीने त्याचं तोंड लाल झालं होतं, आणि मग ते शब्द बाहेर आले जे त्याने बायकोलाही सांगितले नव्हते.

"मला भीती वाटते, ताई. माझी नाही. म्हणजे माझीही वाटते, पण तुझी जास्त वाटते. तुझ्या खोकल्याचं बायकोकडून ऐकलं की मला झोप येत नाही. तुझ्या फोटोत काही निघालं तर ते मी आणून ठेवलेलं असेल, स्वतःच्या हाताने. मग मी काय करू?"

ताईने इस्त्रीचा प्लग काढला. कोट अलगद उचलला, ओल्या फडक्याने बाहेरून पुसून बँडमास्तरच्या हातात दिला. बँडमास्तरने तो एका बाहीला चुरगळलेलाच अंगात घातला, आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला, "मी काय म्हणतो, दोघं एकदमच जा ना. हे कापड काही पळून जात नाही. दुकान बंद करा, त्या मुखवटेवाल्यांना बोलवा, आणि तुम्ही दवाखान्यात. नाहीतर तुमचं आधी-आधी चालू राहील आणि माझा कार्यक्रम निघून जाईल."

मुकादम आला. पन्हा मोठा होता म्हणून तो आणि त्याचा एक माणूस पूर्ण पोशाखात आत गेले, दाराला पडदा लावला, फवारे मारले. अर्धी गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं, ताईच्या दुकानात बॉम्ब निघाला, कुणी म्हणालं, सोनं. ताई कमरेवर हात ठेवून सगळ्यांना सांगत होती, "काही नाही, भावाने आहेर दिला होता, तो परत नेतोय. असा भाऊ कुणाला नसो!" पण हे सांगताना तिने भाऊची बाही धरलेली होती, तो सटकू नये म्हणून. तशीच धरून तिने त्याला दवाखान्यात नेलं.

फोटोच्या खोलीत भाऊला हनुवटी टेकवून उभं केलं, श्वास रोखा म्हणून सांगितलं. बाहेरून ताईचा आवाज आला, "नीट रोख! तिथंही फसवू नकोस!" फोटो काढणारा माणूस हसला, फोटो हलला, तो पुन्हा काढावा लागला.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो उजेडाच्या काचेवर शेजारी शेजारी लावले. बराच वेळ बघितले. भाऊ फक्त एका फोटोकडे बघत होता. त्यातलं काही कळत नव्हतं, तरी नजर हटवत नव्हता.

"ताई, तुमच्या फुप्फुसांत काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "खोकला घशाचा आहे, औषध देते. पण इतकी वर्षं संबंध आलाय, तेव्हा दर वर्षी दाखवून जायचं. विसरायचं नाही."

भाऊ खुर्चीतून उठला. त्याने टेबलावरून हात लांब करून डॉक्टरीणबाईंचा हात हातात घेतला आणि जोरजोरात हलवला. त्यांचं पेन खाली पडलं. ते उचलायला तो वाकला आणि उठताना टेबलावर डोकं आपटलं. तरी तो हसतच होता. "चल ताई! चल, घरी जाऊ!"

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचं सांगायचं राहिलंय."

"माझं राहू द्या हो. तिचं परत एकदा सांगा."

त्यांनी परत सांगितलं. त्याने लक्ष देऊन ऐकलं, मान हलवली. मग डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं.

"तुमच्या फुप्फुसांच्या आवरणावर डाग आहेत. इथे, आणि या बाजूला. हा कॅन्सर नाही, हे आधी ऐकून घ्या. पण तंतू आत गेल्याची ही खूण आहे, आणि खाली थोडं आणखी काही दिसतंय, त्याची तपासणी करावी लागेल. सिगारेट आजपासून बंद. कळतंय का मी काय सांगतेय?"

भाऊ मान हलवत होता. चेहऱ्यावर मघाचंच हसू राहिलेलं होतं, ते काढून ठेवायचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ताईने आपली खुर्ची उचलली आणि भाऊच्या आणि टेबलाच्या मध्ये आणून ठेवली.

"त्याला नका सांगू. त्याला आज काही ऐकू येत नाही," ती म्हणाली. "त्याचं सगळं मला सांगा. पहिल्यापासून सांगा, सावकाश सांगा. मी लक्षात ठेवते."

मागे हात करून तिने भाऊचं मनगट धरलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ताई एकेका वाक्याला "बरं" म्हणत राहिली, आणि तिने मनगट सोडलं नाही.